निकेल-कॅडमियम बॅटरी : सुरक्षिततेसाठीचा वापर

धन पट्टिकेवर निकेल हायड्रॉक्साइड, ऋण पट्टिकेवर कॅडमियम आणि मध्ये पोटॅशियम हायड्रॉक्साइडचे द्रावण असलेली, पुन्हा चार्ज करता येणारी बॅटरी. स्वीडनचे संशोधक वाल्देमार युंगनर यांनी ती १८९९ मध्ये तयार केली. तिच्या एका सेलचे व्होल्टेज १.२ असते. खेळणी आणि कॉर्डलेस फोन यांतून ती जवळजवळ हद्दपार झाली आहे. वजनाच्या मानाने ती लिथियम-आयनपेक्षा फारच कमी ऊर्जा साठवते, शिवाय महागही आहे. तरी वीजकेंद्रे, रेल्वे इंजिने आणि विमाने तिला सोडत नाहीत, कारण ती अचानक दगा देत नाही.

लेड-ॲसिड बॅटरीत सल्फ्युरिक ॲसिड स्वतः रासायनिक क्रियेत भाग घेते आणि शिशाच्या जाळ्या हळूहळू कुरतडल्या जातात. एखाद्या सेलमधली जोडणी आतून तुटली की एका ओळीत जोडलेली सगळी बॅटरी निकामी होते, आणि हे बहुधा लोड आल्यावरच कळते. निकेल-कॅडमियममधले अल्कली द्रावण पोलादाला खात नाही. औद्योगिक प्रकारात सक्रिय द्रव्य छिद्रे पाडलेल्या पोलादी पट्ट्यांच्या खिशांत भरलेले असते; म्हणून तिला खिसापट्टिका बॅटरी म्हणतात. अशा बॅटरीची क्षमता वर्षानुवर्षे थोडीथोडी घटते, त्यामुळे ठरावीक काळाने डिस्चार्ज चाचणी घेतली, म्हणजे बॅटरी उतरवून तिची क्षमता मोजली, तर बदलण्याची वेळ पुरेशी आधी समजते. सेल बिघडलाच तरी तो सहसा शॉर्ट होतो, म्हणजे वीज त्यातून वाहत राहते. बाकीचे सेल काम करत राहतात. नीट देखभाल असेल तर वीस वर्षे चालणे नवल नाही.

दुसरा गुण उष्णतेचा, आणि तो मराठवाड्यात सांगायला नको. परभणी-नांदेडकडे मे महिन्यात पारा ४२ अंशांच्या वर जातो; पत्र्याच्या छताखालच्या बॅटरी रूममध्ये तर त्याहून जास्त. २५ अंशांच्या वर दर १० अंशांमागे लेड-ॲसिडचे आयुष्य साधारण निम्मे होते, निकेल-कॅडमियमचे सुमारे पाचव्या हिश्श्याने घटते.

परळी वैजनाथच्या औष्णिक केंद्रात २५० मेगावॅटचे संच आहेत. अशा संचाचे टर्बाइन मिनिटाला ३,००० फेरे घेते. केंद्राचा एसी पुरवठा गेला तरी ते लगेच थांबत नाही. वेग उतरेपर्यंत बेअरिंगला तेल मिळालेच पाहिजे, नाहीतर बेअरिंगचा मऊ धातू वितळतो. ते तेल डीसी पंप देतो आणि त्या पंपाला वीज बॅटरी देते. सबस्टेशनमध्ये बिघाड झाल्यावर वीज तोडणारा ब्रेकर ट्रिप करणारी कॉइलही अशाच डीसी पुरवठ्यावर चालते. दोन्हीकडे लेड-ॲसिडही वापरतात. निवड खर्च, जागा आणि उष्णता पाहून होते.

थ्री-फेज इलेक्ट्रिक रेल्वे इंजिनांत ११० व्होल्टची निकेल-कॅडमियम बॅटरी असते. इंजिन बंद असताना पँटोग्राफ (छतावरचा, वरच्या तारेतून वीज घेणारा सांगाडा) वर उचलायला आणि नियंत्रण यंत्रणा जागी करायला तीच कामी येते. एअरबस ए३२० मध्येही याच प्रकारच्या बॅटऱ्या आहेत. बोइंग ७८७ ने लिथियम-आयन स्वीकारली, पण जानेवारी २०१३ मध्ये तिची बॅटरी जळण्या-धुमसण्याच्या दोन घटनांनंतर ही विमाने जगभर जमिनीवर ठेवावी लागली. पुढच्याच महिन्यात एअरबसने ए३५० साठी सुरुवातीला निकेल-कॅडमियम वापरायचे ठरवले. अर्थात विमानातली निकेल-कॅडमियमही अति चार्जिंगने बेसुमार तापू शकते, म्हणून तिच्या तापमानावर लक्ष ठेवावे लागते.

देखभालीत सवयीची एक चूक महागात पडते. लेड-ॲसिडची चार्ज पातळी हायड्रोमीटरने, म्हणजे द्रावणाची घनता मोजणाऱ्या नळीने, समजते. इथे द्रावणाची घनता चार्जप्रमाणे फारशी बदलतच नाही, तेव्हा ते रीडिंग चार्जबद्दल काही सांगत नाही. उलट ॲसिडमध्ये बुडवलेला हायड्रोमीटर किंवा नरसाळे या बॅटरीला लावले, तर ॲसिडच्या अंशानेही सेल खराब होतात. इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या सांभाळून हात बसलेल्या माणसाला हे आधी सांगावे लागते. डिस्टिल्ड वॉटर मात्र दोन्हींना लागते. ‘मेमरी इफेक्ट’चा, म्हणजे अर्धवट वापरून पुन्हापुन्हा चार्ज केल्याने क्षमता कमी भासण्याचा, बोलबाला बराच असला, तरी कायम चार्जरवर असलेल्या खिसापट्टिका बॅटरीत त्याचा त्रास नगण्य असतो.

खरा दोष कॅडमियमचा. ते मूत्रपिंडे आणि हाडांना घातक आहे. जपानमधील जिंझू नदीच्या खोऱ्यातला, हाडे ठिसूळ करणारा वेदनादायी इताई-इताई रोग त्यानेच झाला. युरोपीय संघाच्या २००६ च्या निर्देशाने लहान, हाताळत्या उपकरणांतल्या कॅडमियम बॅटऱ्यांवर बंदी घातली, पण आपत्कालीन दिवे आणि धोक्याच्या घंटा यांना सूट दिली. भारतात बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ यांनुसार जुन्या बॅटऱ्या नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्यांपर्यंत पोहोचवण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे. भंगारवाल्याकडे त्या जाता कामा नयेत.