डेट्रॉइट पिस्टन्स: चाहत्यांच्या वादामागची १७ वर्षे

हाताशी असलेली तरुण मुले सांभाळून वाढवायची, की त्यांतली एक-दोन देऊन नावाजलेला खेळाडू आणायचा? २०२५ चा हंगाम संपल्यावर अमेरिकेतल्या एनबीए या बास्केटबॉल लीगमधल्या डेट्रॉइट पिस्टन्स संघाचे चाहते यावर हिरिरीने वाद घालू लागले. दोन्ही बाजूंचा आवाज इतका का चढतो, हे कळायला २००८ पर्यंत मागे जावे लागते.

त्याआधीचे पिस्टन्स एनबीएतल्या दादा संघांपैकी होते. १९८९ आणि १९९० ची विजेतेपदे नावावर होतीच. २००४ मध्ये तर एकही महातारा नसताना त्यांनी लॉस एंजेलिस लेकर्सना अंतिम मालिकेत ४-१ असे हरवले. २००३ ते २००८ सलग सहा वर्षे ते पूर्व विभागाच्या अंतिम फेरीत होते. मग नोव्हेंबर २००८ मध्ये संघाचा कणा असलेला चॉन्सी बिलप्स डेन्व्हरला गेला आणि बदल्यात उतरणीला लागलेला ॲलन आयव्हरसन आला. तिथून घसरण सुरू झाली.

खरे नुकसान मात्र त्यानंतरच्या दशकाने केले. संघ मुळापासून उभारायला व्यवस्थापन तयार नव्हते आणि जिंकण्याइतकी ताकद संघात नव्हती. २००९ मध्ये बेन गॉर्डन व चार्ली व्हिलानुएव्हा, २०१३ मध्ये जॉश स्मिथ अशा महागड्या खेळाडूंवर पैसा गेला. जानेवारी २०१८ मध्ये ब्लेक ग्रिफिन आला. त्याच्यासाठी इतर खेळाडूंबरोबर पहिल्या फेरीतली एक ड्राफ्ट निवडही, म्हणजे नवा खेळाडू निवडण्याचा हक्कही, लॉस एंजेलिस क्लिपर्स संघाला दिला. ती निवड १२ वी ठरली, आणि ती वापरून क्लिपर्सनी शार्लटकडून शे गिल्जस-अलेक्झांडर मिळवला. तोच पुढे ओक्लाहोमा सिटीत जाऊन २०२५ चा सर्वोत्तम खेळाडू झाला. ग्रिफिनने एक हंगाम मनापासून गाजवला, पण गुडघ्याने साथ सोडली. ‘तारा आणा’ म्हटले की डेट्रॉइटमध्ये अनेकांच्या पोटात गोळा येतो, तो या व्यवहारामुळे.

२०२० मध्ये ट्रॉय वीव्हर संघाचा महाव्यवस्थापक झाला आणि पाटी पुसून सुरुवात झाली. ड्राफ्टमध्ये आधी कोण निवडणार हे ठरवणाऱ्या २०२१ च्या लॉटरीत पहिला क्रमांक लागला आणि केड कनिंगहॅम मिळाला. पुढे दैवाने पाठ फिरवली. २०१९ पासून लॉटरीचे नियम बदलले होते. तळाच्या तिन्ही संघांना पहिल्या निवडीची संधी सारखीच, १४ टक्के होती, आणि सगळ्यात खालचा संघ पाचव्या क्रमांकापर्यंत घसरू शकत होता. पिस्टन्स २०२२, २०२३ आणि २०२४ अशी तीन वर्षे पाचवेच राहिले. २०२३ मध्ये लीगमध्ये तळाला असूनही सगळ्यांना हवा असलेला नवा खेळाडू व्हिक्टर वेम्बान्यामा हुकला, तो सॅन अँटोनियोला गेला. त्या हंगामात नडगीच्या दुखण्यामुळे केडही अवघे १२ सामने खेळला होता.

मग आला २०२३-२४ चा हंगाम. माँटी विल्यम्ससारखा महागडा प्रशिक्षक असताना २-१ अशा सुरुवातीनंतर सलग २८ पराभव झाले. एकाच हंगामात इतके सलग पराभव एनबीएत आधी कुणाचेही झाले नव्हते. घरच्या मैदानावर ‘संघ विका’ अशा घोषणा मालक टॉम गोर्सविरुद्ध घुमल्या. ३० डिसेंबरला टोरांटोला १२९-१२७ असे हरवून ती साखळी तुटली. शेवट १४ विजय, ६८ पराभव असा झाला. त्या हिवाळ्यात तिकीट काढून जात राहिलेल्या प्रेक्षकांची निष्ठा मला कोणत्याही विजेतेपदाइतकीच मोलाची वाटते.

२०२४ च्या उन्हाळ्यात संघबांधणीचा प्रमुख म्हणून ट्रेजन लँगडन आणि प्रशिक्षक म्हणून जे. बी. बिकरस्टाफ आले. त्यांनी तरुणांना हात लावला नाही. टोबायस हॅरिस, मलिक बीझली, टिम हार्डवे ज्युनियर असे अनुभवी हात भोवती उभे केले, आणि केडला मोकळे नेमबाज मिळाले. संघ ४४-३८ वर पोहोचला. ८२ सामन्यांच्या हंगामात आदल्या वर्षीच्या विजयांची तिप्पट याआधी कुणी केली नव्हती.

प्लेऑफमध्ये, म्हणजे हंगामाअखेरच्या बाद फेऱ्यांत, न्यूयॉर्क निक्सविरुद्धचा दुसरा सामना जिंकला, तो मे २००८ नंतरचा पहिला प्लेऑफ विजय. मधल्या काळात प्लेऑफमध्ये सलग १५ पराभव झाले होते. मालिका ४-२ अशी निक्सकडे गेली. घरचे तिन्ही सामने हरले, पण तेही २, १ आणि ३ गुणांनी. हे आकडे दोन्ही गट आपापल्या बाजूने वाचतात. एका गटाला वाटते, शेवटच्या मिनिटांत केडचा भार उचलणारा दुसरा खेळाडू असता तर मालिका आपली होती. दुसरा गट संघातल्या तरुण जेडन आयव्हीकडे बोट दाखवतो. तो १ जानेवारीला पाय मोडल्यापासून बाहेर होता, म्हणजे पूर्ण संघ प्लेऑफमध्ये उतरलाच नव्हता.