‘पैसे परत गेले’: चार्जबॅकमागची गुंतागुंत

म्हापसा-मडगावच्या बाजारात तीन वेगळ्या गोष्टींना एकच वाक्य पुरतं: ‘पैसे परत गेले.’ ग्राहकाने मागितले आणि दुकानदाराने दिले, तो रिफंड. व्यवहार मध्येच अडकला आणि बँकेने उलटवला, तो रिव्हर्सल. चार्जबॅक यांतला नव्हे. त्यात ग्राहक दुकानदाराला न विचारता थेट आपल्या बँकेकडे जातो. दुकानदाराचे पैसे आधी कापले जातात, खुलासा मागून मागितला जातो, वर दंडासारखं शुल्क लागतं ते निराळंच.

याचं मूळ 1974 च्या अमेरिकी कायद्यात आहे. क्रेडिट कार्डाच्या बिलात चूक असेल तर ग्राहकाला ती रक्कम रोखून धरण्याचा हक्क त्याने दिला आणि कार्ड कंपन्यांच्या नियमांतून तो जगभर पसरला. तेव्हा व्यवहार समोरासमोर होत, कार्डाचा ठसा उमटलेल्या कार्बन स्लिपवर सही असे. आज सहीही नाही आणि स्लिपही नाही. वाद मात्र बहुतेक कारणांसाठी 120 दिवसांपर्यंत उकरून काढता येतो.

खरा गोंधळ ‘फ्रॉड’ या शब्दाचा आहे. कार्ड चोरलेलं असो, घरातल्या मुलाने आईचं कार्ड वापरलेलं असो, की चार रात्री राहून, किंगफिश थाळी खाऊन गेलेल्या पाहुण्याने ‘हा व्यवहार माझा नाहीच’ म्हटलेलं असो, तिन्ही प्रकरणं एकाच शिक्क्याखाली नोंदली जातात. तिसऱ्या प्रकाराला धंद्यात ‘फ्रेंडली फ्रॉड’ म्हणतात. त्यात फ्रेंडली काय आहे, ते हे नाव ठेवणाऱ्यालाच ठाऊक. विदेशी पाहुणा आला की 24 तासांत त्याच्या मुक्कामाची माहिती सरकारला देणारा फॉर्म भरावा लागतो, म्हणून गेस्टहाऊसवाला तो फॉर्म, पासपोर्टची प्रत, रजिस्टरमधली सही असं सगळं पाठवतो. त्यातून पाहुणा आला होता एवढं सिद्ध होतं. पैसे त्यानेच, त्याच कार्डाने भरले होते, हे होत नाही. तक्रार नेमकी त्याच मुद्द्यावर असते.

संशयित व्यवहार हेरणाऱ्या यंत्रणा याच शिक्क्यांवरून शिकतात. म्हणजे राहून गेल्यावर व्यवहार नाकारणाऱ्या पाहुण्यावरूनही त्या चोर ओळखायला शिकतात. बरं, गोव्याचा व्यवहार त्यांच्या लेखी मुळातच संशयास्पद: एकाने पाच मित्रांचं बुकिंग करायचं, तेही रात्री अकराला, दुसऱ्याच दिवशीचं, आणि कार्ड एका देशाचं, इंटरनेट दुसऱ्या देशातलं. इंग्लंडमधल्या स्विंडनला गेलेला मुलगा नाताळासाठी म्हापशाच्या आईच्या पत्त्यावर बेबिंक, म्हणजे गोव्याचा थरांचा केक, मागवतो. ब्रिटिश कार्ड, भारतीय पत्ता, सणाची घाई, ऑर्डर अडकते. आणि ग्राहकाने दिलेला पत्ता बँकेतल्या पत्त्याशी जुळवून पाहायची सोय प्रामुख्याने अमेरिका, कॅनडा, ब्रिटनच्या कार्डांपुरती आहे. चोरीचं कार्ड वापरणाऱ्याकडे जुळणारा पत्ता असला की तो सहज सुटतो.

देशातल्या कार्डांपुरता हा प्रश्न बराच सुटला तो 1 ऑगस्ट 2009 पासून. त्या दिवशी मध्यवर्ती बँकेने ऑनलाइन कार्ड व्यवहारांना पडताळणीचा आणखी एक टप्पा सक्तीचा केला. तेव्हा व्यापाऱ्यांनी बोटं मोडली, कारण पासवर्डच्या पानावरून ग्राहक पळत. पण पडताळणी झालेल्या व्यवहारात फ्रॉडचा भार कार्ड देणाऱ्या बँकेवर जातो, हे त्यांना हळूहळू उमगलं. परदेशी कार्डांना ही सक्ती नाही, आणि किनाऱ्यावरच्या धंद्याचा मोठा वाटा त्यांचाच.

2020 च्या मार्चमध्ये पर्यटक व्हिसा थांबले, पाठोपाठ विमानंही. आगाऊ रक्कम नोकरांच्या पगारात आणि डागडुजीत खर्च झालेली, आणि ‘सेवा मिळाली नाही’ या कारणाचे चार्जबॅक दारात उभे. ‘रक्कम परत मिळणार नाही’ ही बुकिंगमधली अट तेव्हा फारशी कामी आली नाही. फ्रॉडशी याचा काही संबंध नव्हता. तरी व्यापाऱ्याच्या खात्यावर चार्जबॅकचं प्रमाण वाढलं की पेमेंट कंपनी त्याच्याकडे संशयानेच पाहते आणि पैसे रोखून धरते.

यूपीआयचे वाद वेगळे, बहुतेक ‘खात्यातून गेले, दुकानात पोचले नाहीत’ असे. 15 फेब्रुवारी 2025 पासून, व्यापाऱ्याच्या बँकेने दिलेल्या उत्तरावरून त्यांतले चार्जबॅक आपोआप स्वीकारले किंवा फेटाळले जातात. त्याच वर्षी सप्टेंबरात मध्यवर्ती बँकेचे पडताळणीचे नवे निर्देश निघाले. परदेशी व्यवहारांसाठी त्यांत ऑक्टोबर 2026 ची मुदत आहे, पण ती भारतीय कार्ड परदेशी दुकानात ऑनलाइन चालवण्यापुरती. ब्रिटिश कार्ड गोव्यातल्या मोरजीत चाललं, तर त्या कलमाचा उपयोग नाही.