लांब भात्याच्या कॅमेऱ्यावर वाइड लेन्स

बेळगावच्या किल्ल्यातल्या कमल बस्तीत ट्रायपॉड मांडला की उजेडाच्या आधी जागेची अडचण येते. १२०४ च्या शिलालेखांतली, रट्ट राजांच्या काळातली ही बस्ती, म्हणजे जैन मंदिर. मंडपात मागे सरकायला समजा चार मीटर मिळाले, तर ४×५ इंची फिल्मवर नेहमीची १५० मिमी लेन्स आडवी जेमतेम ३.२ मीटर रुंदी पकडते. त्याच जागेवरून ९० मिमी लेन्स ५.४ मीटर घेते आणि ६५ मिमी ७.४ मीटर. खानापूर तालुक्यात हलशीच्या भूवराह नरसिंह देवळात तर दोन गाभारे समोरासमोर आहेत. एकाचा फोटो घ्यायला मागे मागे जावं तर पाठ दुसऱ्याच्या दाराला लागते. अशा ठिकाणी वाइडला, म्हणजे कमी मिमीच्या रुंद कोनाच्या लेन्सला, पर्याय नाही.

पण ती लेन्स जुन्या लाकडी कॅमेऱ्यावर चढवली की ती बसते आणि फोकस मात्र बसत नाही.

आपल्याकडच्या स्टुडिओतले फुल प्लेट (साडेसहा × साडेआठ इंची) कॅमेरे शाळेच्या ग्रुप फोटोसाठी आणि लग्नाच्या जोडप्यांसाठी बांधलेले. त्यावर ३०० मिमीच्या आसपासची लेन्स. चार मीटरवरच्या माणसावर फोकस करायला ही लेन्स दूरच्या फोकसपासून २४ मिमी पुढे येते, म्हणून ती पुढे-मागे नेणारा दांडा आणि पिनियन (दातेरी चाक) लांब चालीचे. ६५ मिमीची लेन्स त्याच कामाला एकच मिलिमीटर सरकते. शिवाय दूरच्या फोकसला तिचा लेन्सबोर्ड (लेन्स बसवायची पाटी) फिल्मपासून साधारण ७० मिमीवर यावा लागतो. लांब भाता (लेन्स आणि फिल्म यांच्यामधली घड्यांची नळी) तेवढा मिटत नाही. जोर लावून मिटवला तर घड्या एकमेकींवर बसून लाकडासारख्या होतात आणि लेन्स वर-खाली सरकवायला गेलं की भाताच ती मागे ओढतो.

हा तिढा सुरुवातीला नव्हता. १८७४ च्या जानेवारी ते मे या काळात जेम्स बर्जेस यांनी पश्चिम भारताच्या पुरातत्त्व सर्वेक्षणाचा पहिला हंगाम बेळगाव आणि कलादगी जिल्ह्यांतच केला. तो जमाना ओल्या कोलोडियनच्या (चिकट रासायनिक थराच्या) काचांचा, फिल्मच्या जागी काच. काच जागेवर तयार करायची, ओली असतानाच एक्स्पोज करायची आणि लगेच धुवायची. तेव्हाचे टेलबोर्ड कॅमेरे पुढून पक्के असत आणि मागची चौकट फळीवर पुढे-मागे सरके. लेन्सच्या पुढे लाकूडच नाही, त्यामुळे कितीही वाइड लेन्स लावा, फोटोत फळी डोकावत नसे. १८८२ मध्ये लंडनच्या जॉर्ज हेअरने रचना उलटी केली. फळी पुढे उघडायची आणि लेन्स तिच्यावरून पुढे जायची. घडी छोटी झाली, वजन उतरलं, पुढच्या फील्ड कॅमेऱ्यांनी तोच घाट उचलला. वाइड लेन्स आत सरकली की पुढे उरलेली फळी चित्रात येते, ते दुखणं इथून सुरू झालं. काही कारागिरांनी मागची चौकटही पुढे सरकेल अशी सोय ठेवली. जुना कॅमेरा विकत घेताना ती आहे का, हे आधी पाहावं.

लेन्सचा इतिहास वेगळाच चालला होता. १८५९ मध्ये थॉमस सटनने पाणी भरलेली गोल लेन्स केली. तिला वाकडी काच लागे, म्हणून ती फार चालली नाही. १८६२ ची हॅरिसन आणि श्निट्झर यांची ‘ग्लोब’ सपाट काचेवर चाले, पण चित्राच्या मध्यभागी उजेडाचा डाग पाडायची. खरा फरक जर्मनीतल्या येनाच्या नव्या भिंगांच्या काचेने पडला. त्या काचेच्या आधारे १८९० मध्ये त्साइसच्या पॉल रुडॉल्फने जी लेन्स आखली, तिचं नाव पुढे प्रोटार झालं. तिच्या वाइड मालिकेचं तोंड फक्त एफ/१८ इतकं लहान (एफपुढचा आकडा जितका मोठा, तितकं छिद्र बारीक). तरी कडा सरळ आणि कोपरे स्वच्छ.

१९०० ची गर्त्झ कंपनीची हायपरगॉन लेन्स मात्र एकदा जवळून पाहण्यासारखी. दोनच पातळ भिंगं, जवळजवळ अर्धगोल, आणि पाहण्याचा कोन १३५ अंशांच्या घरात. इतक्या कोनात मधोमध भरपूर उजेड आणि कोपऱ्यात अंधार, म्हणून लेन्सच्या तोंडासमोर पाकळ्यांचं छोटं चक्र बसवलेलं. रबरी फुग्याने हवा सोडली की ते गरगर फिरे आणि मधला उजेड कापी. एक्स्पोजरचा बराचसा वेळ चक्र फिरवायचं, मग बाजूला करून उरलेला वेळ द्यायचा. आजचा सेंटर फिल्टर (मधोमध गडद, कडेला स्वच्छ काच) हेच काम बसल्या जागी करतो.

कोपऱ्यातला अंधार गणितातूनच येतो. साध्या लेन्समध्ये उजेड कोनाच्या कोसाइनच्या चौथ्या घाताने घटतो. ४×५ वर ६५ मिमी असेल तर कोपरा सुमारे ५० अंशांवर, म्हणजे जवळपास अडीच स्टॉप कमी (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा). १९४० च्या दशकात सोव्हिएत रशियात मिखाईल रुसिनोवने दोन्ही टोकांना मोठी, बाहेर फुगीर ऋण (उजेड पसरवणारी) भिंगं ठेवली. तिरकं पाहिलं की त्यातलं छिद्र मोठं दिसतं, त्यामुळे घट तिसऱ्या घाताजवळ राहते आणि अडीचाचे दोनाच्या आत येतात. श्नायडर कंपनीची सुपर-अँग्युलॉन लेन्स याच घाटाची. ९० मिमी एफ/८ वाली एफ/२२ ला २१६ मिमी व्यासाचं चित्राचं वर्तुळ देते. ४×५ फिल्मचा कर्ण १५४ मिमीच्या आसपास, म्हणून ती वर-खाली सरकवायला ऐसपैस जागा मिळते. हाफ प्लेटला (कर्ण २०४) ती जेमतेम पुरते, फुल प्लेटला (२७२) नाही. वाइड लेन्स स्वस्तात मिळाली म्हणून उड्या मारण्याआधी हे आकडे जुळवावेत. त्याच कंपनीची जुनी साधी अँग्युलॉन ९० मिमी नावात सारखी, पण ४×५ वर सरकवायला जवळपास काहीच ठेवत नाही.

भात्यावरचा उपाय स्टुडिओच्या बाजूने आला. १९४८ च्या सुमारास स्वित्झर्लंडच्या सिनारने एका रुळावर सुटे भाग जोडायची पद्धत रूढ केली. घड्यांचा भाता काढायचा आणि मऊ चामड्याचा पिशवी-भाता लावायचा. तो कितीही चेपला तरी लेन्सला ओढत नाही. फील्ड कॅमेऱ्यात भाता सहज बदलता येत नाही, तिथे खोलगट लेन्सबोर्ड वापरतात. लेन्स १० ते २५ मिमी आत बसते. हे काम बेळगावात उद्यमबागेतल्या चांगल्या टर्नरकडे ॲल्युमिनियममध्ये होऊ शकतं. लेन्स ज्या शटरमध्ये बसते, त्या कोपल ० शटरला बोर्डात भोक ३४.६ मिमी, कोपल १ ला ४१.६. अर्धा मिलिमीटर जास्त झालं तर शटर मधोमध राहत नाही.

बसवताना मागचं भिंग शटरमधून उलट्या दिशेने फिरवून काढायचं. ते भोकापेक्षा रुंद असतं, त्याला दुसरा मार्ग नाही. भिंग आणि शटर यांच्यामध्ये कागदासारखी पातळ पितळी रिंग असेल तर ती सांभाळून परत तिथेच बसवायची. ती हरवली की कोपरे कायमचे मऊ. शटरच्या पाठीला एखादा बारीक स्क्रू असतो. बोर्डाला त्यासाठी खाच नसेल तर शटर तिरकं टेकतं, म्हणून खाच पाडा किंवा स्क्रू काढा. मग शटर बोर्डाला धरणारी रिंग मागून स्पॅनरने आवळायची. पकडीने आवळली तर खाचा उखडतात. खोल बोर्डात बोटं शिरत नाहीत, त्यामुळे केबल रिलीज आधीच पिळून ठेवायची.

फोकस एफ/२२ धरूनच ठरवा. ६५ मिमी १.९ मीटरवर लावली तर जवळपास एक मीटरपासून दूरपर्यंत सगळं चालतं. अंधाऱ्या मंडपात ग्राउंड ग्लासवर (चित्र दिसतं त्या मागच्या दुधी काचेवर) मध्य दिसतो आणि कोपरे काळे. तेव्हा समोरच्या दृश्यात मधोमध टॉर्च ठेवून फोकस करावा.

फळी चित्रात येऊ नये म्हणून ती पुढून खाली झुकवता येत असेल तर झुकवा. ग्राउंड ग्लासवर चित्र उलटं असतं, म्हणून फळीची सावली वरच्या काठाला शोधायची. शेवटी ग्राउंड ग्लासच्या कापलेल्या कोपऱ्यांतून डोळा लावून लेन्सकडे पाहा. छिद्र पूर्ण दिसलं तर ठीक. मांजराच्या डोळ्यासारखं कापलेलं दिसलं तर भाता किंवा बोर्डाची कड आड येते आहे. खानापूरच्या पावसात लाकडी बोर्ड फुगून चौकटीत अडकतो. मे महिन्यात घट्ट बसेल असा घासलेला बोर्ड जुलैत हातोडीशिवाय निघणार नाही, म्हणून कडांना थोडा सैल ठेवून उजेड अडवायला काळी मखमली पट्टी लावावी.