संदेश देणारा वेगळा, गट चालवणारा वेगळा

कोल्हापुरातल्या ख्रिस्ती मंडळ्यांत, म्हणजे चर्चमध्ये, तरुणांकडे काम सोपवायची वेळ आली की एक वाक्य हमखास कानावर येतं, "पोरगा संदेश छान देतो, गट त्यालाच देऊया." घोळ सुरू होतो तो इथूनच. संदेश देणं, म्हणजे उपासनेत प्रवचन करणं, आणि सुवार्तेसाठी, म्हणजे येशूची ओळख करून द्यायला, लहान गट चालवणं ही दोन निरनिराळी कामं आहेत, आणि फर्डा बोलणारा गटात बऱ्याचदा अडचणच होऊन बसतो.

संदेशाबद्दल काय सांगायचं? रविवारच्या उपासनेत आपण तो लहानपणापासून ऐकत आलोय. गटात सहा ते दहा जण असतात, कुणाच्या तरी घरी किंवा खोलीवर. समोर बायबलचा एक उतारा, आणि निम्म्या लोकांनी तरी बायबल याआधी हातात घेतलेलं नसतं. खुर्च्या की सतरंजी, अर्धा तास की दीड तास, चहा आधी की नंतर, याला फारसं महत्त्व नाही. गिटारीबद्दल मात्र माझं मत पक्कं आहे : नवीन मंडळी असतील त्या दिवशी ती घरीच ठेवावी. गाणी माहीत नसलेला माणूस पाऊण तास कसनुसा टाळ्या वाजवत बसतो.

खरा फरक कळतो तो समोरचा 'चुकीचं' उत्तर देतो तेव्हा.

बायबलात लूकच्या 15 व्या अध्यायातली उधळ्या पुत्राची गोष्ट घ्या : धाकटा बापाचा पैसा उधळून परत येतो, बाप जेवणावळ घालतो आणि घरी राबलेला मोठा भाऊ रुसून बाहेरच थांबतो. राजारामपुरीतल्या एका खोलीवर गट बसलाय असं समजा. शिवाजी विद्यापीठात शिकणारा, पहिल्यांदाच आलेला पोरगा म्हणतो, "मोठ्या भावाचं काय चुकलं? राबला हा, आणि जेवणावळ त्या उधळ्याला व्हय?"

संदेशाची सवय लागलेला नेता लगेच सरसावतो. "नाही नाही, मोठा भाऊ म्हणजे परूशी, नियमांवर बोट ठेवणारे ते धर्मपुढारी..." आणि कृपेवर दहा मिनिटं बोलतो. बोलतो ते सगळं बरोबर असतं. पण तो पोरगा पुढच्या वेळी येत नाही, आला तर तोंड उघडत नाही. उत्तर आधीच ठरलेलं होतं, आपल्याला उगाच विचारलं, हे त्यानं ओळखलेलं असतं.

गट चालवणारा म्हणतो, "मलाही तसंच वाटलं असतं. तो बापाला काय बोलतो ते परत वाच बघू." पोरगा ओवी 29 आणि 30 वाचतो. इतकी वर्षं राबलो, पण मित्रांबरोबर मजा करायला साधं करडू मिळालं नाही, अशी तक्रार. वाचता वाचता कुणाच्या तरी लक्षात येतं, हा 'माझा भाऊ' म्हणतच नाही, 'हा तुमचा मुलगा' म्हणतो. मग ओवी 32 : बाप त्यालाच 'हा तुझा भाऊ' असं सुनावतो. आता नेत्यानं एकच विचारायचं, बाप घराबाहेर कुणाकुणासाठी आला? धाकट्यासाठी धावत गेला, आणि मोठ्याची समजूत काढायलाही तोच बाहेर आला. हे नेत्यानं सांगितलेलं नाही, पोरांना सापडलेलं आहे.

आणि इथं थांबायचं. मोठा भाऊ शेवटी घरात गेला की नाही, हे येशूनं सांगितलेलंच नाही. संदेश देणाऱ्याला ही मोकळी जागा सोसवत नाही, तो लगेच शेवट जोडून मोकळा होतो.

म्हणजे कुणीही काहीही म्हणावं असं नाही. उताऱ्यात नसलेलं कुणी बोललं तर "हे कुठल्या ओवीत दिसतं?" एवढं विचारलं की पुरतं. खरं-खोटं उताऱ्यानं ठरवायचं, नेत्याच्या आवाजानं नाही. बायबलातल्या फिलिप्प या सुवार्तिकानंही रथात शास्त्र वाचत बसलेल्या हबशी अधिकाऱ्याला आधी विचारलं, वाचताय ते समजतंय का? त्यानं वर बोलावून बसवून घेतल्यावर, तो वाचत होता त्याच शास्त्रलेखापासून सुरुवात केली.

आपल्याकडे दाखला दिला जातो रॉबर्ट वायल्डरचा. 1852 साली कोल्हापुरात आलेल्या रॉयल वायल्डर या अमेरिकन मिशनऱ्याचा हा मुलगा, जन्म इथलाच, 1863 चा. अमेरिकेत 1886 साली माउंट हर्मनच्या शिबिरात शंभर विद्यार्थी मिशनसेवेसाठी पुढे आले, त्यामागे तो होता. त्यावरून 'आपल्यालाही असा वक्ता हवा' असं म्हणणारे भेटतात. शिबिरात भाषणं झाली, नाही असं नाही. पण त्याआधी प्रिन्स्टनला त्याच्या घरी रविवारी मूठभर विद्यार्थी जमायचे, शेजारच्या खोलीत बहीण ग्रेस प्रार्थना करायची. ते कुणी सांगत नाही.

एक चीड येणारी गोष्ट : 'व्यक्तिमत्त्व विकास' म्हणून पोरांना बोलवायचं आणि आल्यावर बायबल काढायचं. आमंत्रणातच सांगा, आम्ही येशूच्या गोष्टी वाचतो. फी भरू, नोकरी लावू, असलं आमिष तर अजिबात नको. संविधानाच्या अनुच्छेद 25 नं प्रचाराचा हक्क दिलाय, पण दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क त्यात येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं 1977 सालीच सांगितलंय.

राहिलं प्रशिक्षण. एका शनिवारी शिबिर, संध्याकाळी प्रमाणपत्र, या पद्धतीवर माझा काडीचा विश्वास नाही. व्याख्यान ऐकून कुस्ती येत नाही, हे कोल्हापूरकरांना सांगायला नको. पोराला किंवा पोरीला आधी चालत्या गटात नुसतं बसवा, मग एखादा प्रश्न त्यांच्याकडे द्या, मग अख्खी बैठक. जुन्या नेत्यानं कोपऱ्यात गप्प बसायचं, शांतता असह्य झाली तरी. पाळकांनी, म्हणजे चर्चच्या पास्टरांनी, तर सुरुवातीला येऊच नये. ते खोलीत असले की सगळे त्यांच्याच तोंडाकडे बघतात. बैठक उरकल्यावर नव्या नेत्याला विचारायचं, आज कोण बोललं नाही? आणि तू किती वेळ बोललास? या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर बैठकीच्या वेळेच्या तिसऱ्या हिश्श्याच्या वर गेलं, तर पुढच्या खेपेला निम्मेच प्रश्न द्या.