विजांचा पाऊस आणि कोकणातले घर

पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या कोकणपट्टीत गडगडाटी पाऊस मुख्यतः वर्षातून दोनदा येतो. मे महिन्यात आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात तो वळवाचा असतो, सप्टेंबरअखेरपासून ऑक्टोबरभर परतीचा. मधल्या आषाढ-श्रावणात आठ-आठ दिवस धो-धो कोसळूनही ढग फारसे गरजत नाहीत. विजेपासून सांभाळायचे दिवस म्हणजे पावसाची दोन टोके, आणि नेमक्या त्याच दिवसांत कोकणातला माणूस घराबाहेर असतो: मे महिन्यात आंबा-काजू उतरवायला, कौले शेकारायला, लाकडे-शेणी आत घ्यायला, ऑक्टोबरमध्ये भात कापायला.

ढगात वीज तयार व्हायला बर्फ लागतो. ढग इतका उंच चढावा लागतो की वर हिमकण, गारांचे बारीक गोळे आणि गोठणबिंदूखाली जाऊनही न गोठलेले थेंब एकमेकांवर आपटतील. या घासाघाशीत विद्युत्भार वेगळे होतात. जुलैतले समुद्रावरून येणारे ढग पाण्याने लदलेले असले तरी बहुतेक बुटके असतात. मे आणि ऑक्टोबरमध्ये जमीन तापलेली असते, खारा वारा बाष्प आणतो, सह्याद्री ते वर ढकलतो आणि ढग बारा-पंधरा किलोमीटर उंच उभा राहतो. म्हणूनच दुपारी घाटमाथ्यावर जमलेले काळे ढग पूर्वेच्या वाऱ्याबरोबर संध्याकाळी खाली उतरतात. समुद्राकडे लख्ख ऊन आणि डोंगराकडे अंधार, हे दृश्य ऑक्टोबरात नेहमीचे. हवामान खात्याच्या हिशेबाने मुंबईतून मोसमी पाऊस ८ ऑक्टोबरच्या सुमारास माघार घेतो. हस्त नक्षत्र, लोकांच्या तोंडचा ‘हत्तीचा पाऊस’, याच तोंडावर येते.

घरात वीज कुठून येते

चिरेबंदी असो की स्लॅबचे, भिंती-छपराचे घर उघड्यापेक्षा कितीतरी सुरक्षित. मात्र शेतातला मांगर, खोपी, पत्र्याची उघडी शेड, एसटीची निवारा शेड ही ‘घरे’ नव्हेत. तिथे फक्त पाऊस लागत नाही, एवढेच.

वीज घरावर थेट पडण्यापेक्षा तारांतून आत येण्याचे प्रकार जास्त. वाडीत महावितरणची लाइन माडा-पोफळींच्या बागेतून वळणे घेत येते. पाव-अर्ध्या किलोमीटरवर वीज पडली तरी त्या लाइनवर विद्युतदाबाची लाट उठते. बोर्डातून ‘टिक’ आवाज येतो, पिवळी ठिणगी दिसते, आणि सकाळी फ्रिज, इनव्हर्टर, वायफायचा डबा यांपैकी काहीतरी गेलेले असते. ‘मेन स्विच पाडला की झाले’ ही समजूत इथे तोकडी पडते. किलोमीटरभर हवा फोडून आलेल्या ठिणगीला स्विचमधली काही मिलिमीटरची फट आडवत नाही. एका लखलखाटात साधारण ३०,००० अँपिअर प्रवाह असतो. घरातला मोठा प्लग १६ अँपिअरचा. म्हणून पिन सॉकेटमधून बाहेरच काढावी, डिशची वायरही सोडवावी. हे काम आभाळ भरून येताच करायचे. कडकडाट डोक्यावर आल्यावर प्लगला हात घालणे हा उलटा धोका.

गडगडाट थांबेपर्यंत न्हाणीत अंघोळ, नळाखाली भांडी, विहिरीवरचा पंप, इस्त्री, तारेचा फोन ही कामे थांबवावीत. मोबाइल वीज खेचतो यात तथ्य नाही. चार्जिंगला लावून कानाला धरू नये, इतकेच. खिडकीच्या लोखंडी गजांना टेकून किंवा पडवीच्या खांबाला धरून विजांची मजा पाहण्याची हौस असते. ती माजघरात बसून भागवावी.

अर्थिंगचा प्रश्न कोकणात खासच. इथला जांभा दगड कोरडा असला की विजेला नीट वाट देत नाही, आणि मे अखेरीला तो पुरता कोरडा असतो. मीठ-कोळसा घालून केलेला अर्थिंगचा खड्डा बहुतेक घरांत एकदा झाकला की कायमचा विसरला जातो. उन्हाळ्यात त्यात पाणी ओतणे आणि वायरमनकडून जोडणी तपासून घेणे, इतके केले तरी पुष्कळ. लाट अडवणारे सर्ज प्रोटेक्टरही चांगल्या अर्थिंगशिवाय शोभेचेच. छपरावरचा तडितरक्षक वीज हटवत नाही, तिला जाड पट्टीतून जमिनीत नेतो. त्याचे संरक्षण त्याच्या इमारतीपुरते आणि आसपासच्या थोड्या जागेपुरते. समोरच्या टेकडीवर मोबाइल टॉवर आहे म्हणून वाडी निर्धास्त, हे चूक.

समजुती

गडगडले की अर्जुनाची नावे घेणे, आरसा झाकणे, खळ्यात कोयती फेकणे, पायाळू (जन्मताना पाय आधी आलेल्या) माणसाला आत बसवणे हे प्रकार अजून चालतात. नावे घेतल्याने काही बिघडत नाही. घेणारा घरात बसून राहतो हा फायदाच. आरशाचा विजेशी संबंध नाही. कोयती फेकायला मात्र कोणीतरी भर विजांत बाहेर जातो, आणि ते थांबायला हवे. पायाळू असो नसो, सगळ्यांनीच आत बसावे.

सडा, माड आणि गोठा

उंच माडावर वीज पडली की शेंडा करपतो आणि झाड बहुधा मरते. त्याच्या बुंध्याशी उभ्या माणसावर ठिणगी झाडातून उडी मारते. त्याहून फसवा असतो जमिनीतून पसरणारा प्रवाह. कोरड्या कातळात तो खोल न जाता पृष्ठभागाजवळून दूरवर पसरतो. दोन पायांत जितके अंतर, तितका विद्युतदाबातला फरक जास्त. गुरांचे पुढचे-मागचे पाय एकमेकांपासून लांब, आणि प्रवाह थेट छातीतून जातो. झाडाखाली एकत्र उभी राहिलेली चार-पाच गुरे एकाच वेळी मरून पडतात ती याने. सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या माळावर, चरायला सोडलेली गुरे गडगडाट ऐकू येताच खाली आणावीत, गोठ्यात लोखंडी साखळीऐवजी दाव्याने बांधावीत. माणूस सड्यावर अडकलाच तर आडवे पडू नये. पाय जुळवून खाली बसणे हा निरुपायाचा उपाय. त्याला सुरक्षित म्हणता येत नाही.

चमक आणि आवाज यांतले सेकंद मोजून तीनाने भागले की किलोमीटर निघतात. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर वीज दहा किलोमीटरांत आहे. पण मोजत बसण्यापेक्षा आवाज ऐकला की आत जाणे बरे, कारण वीज ढगापासून दूर, उघड्या आभाळाखालीही पडते. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये. किनाऱ्यावर लाटांच्या आवाजात लांबची गर्जना हरवते, तिथे पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ अ‍ॅप कामी येते. ते आसपास पडणाऱ्या विजा नकाशावर दाखवते.

वीज लागल्यावर

२०२२ मध्ये देशात वीज पडून २,८८७ माणसे गेल्याची राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची नोंद आहे. वीज लागलेला प्रत्येक जण मरतोच असे नाही. त्याच्या अंगात वीज उरत नाही, हात लावायला घाबरू नये. श्वास किंवा नाडी लागत नसेल तर तिथल्या तिथे छाती दाबायला सुरुवात करावी, १०८ ला फोन लावावा. शेणात पुरणे वगैरेत वेळ घालवू नये. अनेक जण एकदम पडले असतील तर कण्हणाऱ्यांआधी निपचित पडलेल्यांकडे जावे, त्यांच्याच हातात वेळ कमी असतो.

मृत्यू झाल्यास वारसांना सरकारी मदत मिळते, जनावरांसाठीही मिळते. त्यासाठी तलाठ्याचा पंचनामा आणि शवविच्छेदनाचा अहवाल लागतो. म्हणून मेलेले जनावर पंचनामा आणि पशुवैद्यकाची तपासणी होण्याआधी पुरू नये.