मनोरीच्या आधी: खारे पाणी गोडे करण्याची मागची गोष्ट

जून सरत आला, तलाव तळाला गेले, पाणीकपात लागली की मुंबईत मनोरीचे नाव निघतेच. समुद्रकाठच्या मनोरीला रोज 200 दशलक्ष लिटरचा निःक्षारीकरण, म्हणजे समुद्राचे पाणी गोडे करण्याचा, प्रकल्प उभारायचा, पुढे तो 400 दशलक्ष लिटरवर न्यायचा, यासाठी पालिकेने जून 2021 मध्ये इस्रायलच्या आयडीई कंपनीशी करार केला. बातम्यांतून हे तंत्र नवेकोरे वाटते. तसे ते मुळीच नाही.

1748 मध्ये फ्रान्सच्या नोले यांनी डुकराच्या मूत्राशयाच्या पडद्यातून पाणी आपोआप पलीकडे झिरपते, हे नोंदवले. पडद्याच्या एका बाजूला खारे आणि दुसऱ्या बाजूला गोडे पाणी ठेवले, तर गोडे खाऱ्याकडे जाते. आपल्याला नेमके उलटे हवे, म्हणजे खाऱ्या बाजूने दाब द्यायला हवा. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे साधारण 35 ग्रॅम क्षार असतात. त्यासाठी हवेच्या दाबाच्या 55 ते 70 पट जोर लागतो.

1950 च्या दशकात फ्लोरिडात रीड आणि ब्रेटन यांना मीठ अडवणारे सेल्युलोज अ‍ॅसिटेटचे पटल, म्हणजे पातळ पडदा, सापडले, पण त्यातून पाणी जेमतेम ठिबकायचे. कोंडी फोडली ती कॅलिफोर्नियात सिडनी लोब आणि भारतीय वंशाचे श्रीनिवास सौरीराजन यांनी, 1960 च्या आसपास. त्यांच्या पटलाला वर अतिपातळ साय आणि खाली सच्छिद्र आधार होता. अडवायचे काम सायीचे, त्यामुळे पाणी भराभर येऊ लागले. 1965 मध्ये कोलिंगा गावात मचूळ पाण्यावर पहिला प्रकल्प सुरू झाला. पुढे जॉन कॅडोट यांचे पॉलिअमाइड पटल आले आणि जुने मागे पडले. घरच्या आरओतले निकामी मेम्ब्रेन, म्हणजे असेच पटल, फेकण्याआधी कापून पाहा: भोके पाडलेल्या नळीभोवती पांढरी पाने आणि मधे जाळी, अशी गुंडाळी निघते. मनोरीसारख्या प्रकल्पात अशाच, फक्त कितीतरी मोठ्या गुंडाळ्या नळकांड्यांत ओळीने बसवतात.

मुंबईला हे ज्ञान लांबून आणायचे नव्हते. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात पटलांवर कित्येक वर्षे काम झाले आहे. त्यांच्याच तमिळनाडूतल्या कल्पक्कमच्या प्रकल्पात रोज 63 लाख लिटर पाणी गोडे करण्याची सोय झाली. त्यातले 18 लाख पटलांतून, उरलेले उष्णतेने. चेंबूरला आरसीएफच्या खत कारखान्यात तर शहराचे सांडपाणी आरओतून काढून वापरले जाते.

मग शहर थांबले कशाला? माझ्या मते उत्तर विज्ञानात नाही, उतारात आहे. विहार तलाव 1860 चा, तुळशी 1879 चा, तानसा 1892 चा. पुढे वैतरणा, भातसा. डोंगरातले पाणी बरेचसे उतारानेच शहराकडे येते. समुद्राचे पाणी गोडे करायला मात्र हजार लिटरला तीन-चार युनिट वीज लागते, म्हणजे मनोरीत रोज सहा ते आठ लाख युनिट. आणि पदरात पडणार मुंबईच्या रोजच्या पुरवठ्याच्या पाच टक्के. स्वस्त पाणी असताना हा सौदा कोण करणार? चेन्नईकडे असे तलाव नव्हते, म्हणून मिंजूरचा प्रकल्प तिथे 2010 मध्येच सुरू झाला.

आता धरणांचीही वाट सोपी राहिलेली नाही. गारगाईच्या नियोजित धरणात लाखो झाडांचा प्रश्न आला आणि मनोरी पुन्हा टेबलावर आली. पण उचललेल्या पाण्यापैकी निम्म्याहून अधिक पाणी जवळपास दुप्पट खारे होऊन समुद्रातच परतते. ते किती लांब, किती खोल सोडणार, हा मनोरी-गोराईच्या कोळीवाड्यांच्या पोटाचा प्रश्न आहे.