व्हिडिओ ब्लॉगिंग यूट्यूबने सुरू केलं का?

‘यूट्यूब आलं आणि व्लॉगिंग सुरू झालं’ हा समज वर्षानुवर्षं फिरतोय. तारखा तपासल्या तर तो टिकत नाही. यूट्यूबवरचा पहिला व्हिडिओ २३ एप्रिल २००५ चा: यूट्यूबचा सहसंस्थापक जावेद करीम, सॅन डिएगोचं प्राणिसंग्रहालय आणि मागे हत्ती. त्याच्या पाच वर्षं आधी, २ जानेवारी २००० रोजी, अ‍ॅडम कॉन्ट्रास या अमेरिकन माणसाने लॉस एंजेलिसला बस्तान हलवताना आपल्या ब्लॉगवरच्या नोंदीसोबत व्हिडिओ टाकला होता. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियात एड्रियन माइल्स या अभ्यासकाचे व्हिडिओ ब्लॉगचे प्रयोग सुरू झाले. ऑक्टोबर २००४ मध्ये न्यूयॉर्कहून ‘रॉकेटबूम’ हा छोटा बातमीवजा कार्यक्रम निघाला आणि जानेवारी २००५ मध्ये त्याच शहरात व्हिडिओ ब्लॉगरांचा मेळावाही भरला. म्हणजे बाळ चालायला लागल्यावर यूट्यूब आलं.

मग यूट्यूबने केलं काय? खरी अडचण दूर केली. आधी फाइल स्वतः लहान करायची, सर्व्हरवर चढवायची, आणि ती लोकप्रिय झालीच तर बँडविड्थचं, म्हणजे सर्व्हरवरून गेलेल्या डेटाचं, बिलही आपणच भरायचं! पाहणाऱ्याकडे क्विकटाइम किंवा रिअलप्लेअर असा व्हिडिओ चालवणारा प्रोग्रॅम हवा, नाहीतर चित्रच दिसायचं नाही. यूट्यूबने साठवणुकीचा खर्च उचलला आणि फ्लॅश या तेव्हाच्या ब्राउझर-तंत्रामुळे व्हिडिओ थेट ब्राउझरमध्ये चालू लागला.

आपल्याकडे हा समज घट्ट बसला यात नवल नाही. २०१६ नंतर डेटा स्वस्त झाला, गावोगावी मोबाइलवर व्लॉग दिसू लागले, तेव्हा समोर यूट्यूबच होतं.